उच्च रक्तदाबावरील ॲक्युपंक्चर उपचार

उच्च रक्तदाबावरील ॲक्युपंक्चर उपचार म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून रक्तदाब कमी करण्याचा प्रयत्न होय. ॲक्युपंक्चर ही मूळची चिनी उपचारपद्धती आहे. भारतात ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली. महाराष्ट्रात या पद्धतीच्या व्यवसायाचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा आहे. उच्च रक्तदाबावर या उपचाराचा परिणाम होतो का, हे पाहण्यासाठी अमेरिका, जर्मनी, चीन इत्यादी देशांत वैद्यकीय चाचण्या झाल्या आहेत. काही चाचण्यांत रक्तदाबात अल्पकालीन घट आढळली, तर काहींत खरे व बनावट ॲक्युपंक्चर यांत फरक दिसला नाही. उपचार थांबल्यानंतर टिकून राहणारी घट मात्र आजवर खात्रीने सिद्ध झालेली नाही. त्यामुळे हा उपचार रक्तदाबाच्या औषधांना पर्याय मानला जात नाही.

उच्च रक्तदाब

हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांच्या भित्तीवर पडणारा दाब म्हणजे आकुंचन रक्तदाब, आणि दोन ठोक्यांमध्ये हृदय शिथिल असताना राहणारा दाब म्हणजे प्रसरण रक्तदाब. बोलीभाषेत यांना 'वरचा' व 'खालचा' आकडा म्हणतात. दोन्ही दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगतात. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या मोजणीत वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास भारतात सामान्यतः उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही मर्यादा १३०/८० वर आणली आहे.

बहुसंख्य रुग्णांत उच्च रक्तदाबाचे एकच निश्चित कारण सापडत नाही. अशा रक्तदाबाला प्राथमिक उच्च रक्तदाब म्हणतात. आनुवंशिकता, वाढते वय, स्थूलपणा, आहारातील जादा मीठ, मद्यपान आणि शारीरिक श्रमांचा अभाव ही त्यामागील प्रमुख कारणे होत. मूत्रपिंडाचे किंवा अंतःस्रावी ग्रंथींचे विकार यांमुळे होणाऱ्या रक्तदाबास दुय्यम उच्च रक्तदाब म्हणतात. त्यात मूळ विकारावर उपचार करावे लागतात. ॲक्युपंक्चरच्या बहुतेक चाचण्या प्राथमिक उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर झाल्या आहेत.

हा विकार दीर्घकाळ लक्षणांविना राहू शकतो. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणे आणि मूत्रपिंडे निकामी होणे हे त्याचे गंभीर परिणाम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यांपैकी जवळपास ४६ टक्के लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. भारतात २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते.

ॲक्युपंक्चरचा उगम व प्रसार

ॲक्युपंक्चरची तात्त्विक मांडणी 'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात आढळते. या परंपरेनुसार शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. या प्रवाहात अडथळा किंवा असमतोल निर्माण झाला की रोग होतो आणि मार्गावरील बिंदूंवर सुई टोचून तो दूर करता येतो, असे मानले जाते. आधुनिक शरीररचनाशास्त्राला अशा मार्गांचे स्वतंत्र अस्तित्व आढळलेले नाही.

चीनमध्येही या पद्धतीची प्रतिष्ठा सदैव सारखी नव्हती. १८२२ मध्ये छिंग घराण्याच्या दरबारी वैद्यक संस्थेतून ती वगळण्यात आली. चीनच्या साम्यवादी राजवटीने विसाव्या शतकाच्या मध्यास पारंपरिक वैद्यकाला पुन्हा राजाश्रय दिला. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांनी पेकिंगमधील शस्त्रक्रियेनंतर आपल्यावर झालेल्या ॲक्युपंक्चर उपचारांविषयी लिहिले. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन चीनला गेले. या घटनांनंतर पाश्चात्त्य देशांत या पद्धतीविषयी कुतूहल वाढले. २०१० मध्ये युनेस्कोने ॲक्युपंक्चर व मोक्सादहन यांचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. ही नोंद सांस्कृतिक महत्त्वाची आहे. तिचा उपचाराच्या परिणामकारकतेशी संबंध नाही.

भारतातील आगमन

भारतातील ॲक्युपंक्चरचा इतिहास चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाशी जोडलेला आहे. जपानी आक्रमणाच्या काळात चीनला मदत म्हणून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात मदन अटल, मोरेश्वर चोळकर, द्वारकानाथ कोटणीस, विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी हे होते. चोळकर नागपूरचे, तर कोटणीस सोलापूरचे. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. चीनमध्ये त्यांनी शल्यचिकित्सक म्हणून काम केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित केला.

कोटणीसांचे कार्य आधुनिक शस्त्रक्रियेचे होते. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्यांचे सहकारी विजयकुमार बसू यांना दिले जाते. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे ही पद्धत शिकले आणि परतल्यावर त्यांनी कोलकात्यात तिचा वापर व प्रशिक्षण सुरू केले. पुढे कोटणीसांच्या नावाने स्थापन झालेल्या समित्या व उपचारकेंद्रांनी तिचा प्रसार केला. त्यामुळे सोलापूरच्या या डॉक्टरांचे नाव त्यांनी स्वतः न वापरलेल्या उपचारपद्धतीशी जोडले गेले.

उपचाराची पद्धत

उपचारासाठी निर्जंतुक, एकदाच वापरायच्या, केसासारख्या बारीक पोलादी सुया वापरतात. रुग्णाला झोपवून किंवा बसवून निवडलेल्या बिंदूंवर सुया टोचतात आणि साधारणपणे २० ते ३० मिनिटे तशाच ठेवतात. मधूनमधून सुई हलकेच फिरविली जाते. काही वेळा सुयांना सौम्य विद्युत्प्रवाह जोडतात. या प्रकारास विद्युत ॲक्युपंक्चर म्हणतात. उपचार आठवड्यातून एकदा ते अनेकदा, असे काही आठवडे चालतात.

उच्च रक्तदाबासाठी पुढील बिंदू अनेकदा वापरले जातात :

• नेइग्वान : मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून सुमारे तीन बोटे वर
• झुसान्ली : गुडघ्याखाली, नडगीच्या हाडाच्या बाहेरील बाजूस
• चूची : कोपर दुमडल्यावर पडणाऱ्या घडीच्या बाहेरील टोकाशी
• ताइचोंग : पायाच्या अंगठ्याच्या व शेजारच्या बोटाच्या मधल्या खोबणीत, पावलाच्या वरच्या बाजूस
• फेंगची : मानेच्या मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या खळग्यात

पारंपरिक पद्धतीत सर्व रुग्णांसाठी एकच बिंदूसमूह नसतो. नाडी व जीभ पाहून प्रत्येक रुग्णासाठी वेगळे बिंदू ठरवितात. यामुळे दोन चाचण्यांची परस्परांशी तुलना करणे कठीण जाते.

संभाव्य कार्ययंत्रणा

'ची' ही कल्पना बाजूला ठेवूनही सुईच्या उत्तेजनाचा रक्तदाबावर परिणाम कसा होऊ शकेल, याचा शरीरक्रियाशास्त्रीय अभ्यास झाला आहे. मनगटाजवळच्या नेइग्वान बिंदूखालून मध्यमा तंत्रिका जाते. ती उत्तेजित झाली की संवेदना मज्जारज्जूमार्गे मेंदूतील अधश्चेतक, मध्यमेंदू व लंबमज्जा या भागांकडे जातात. लंबमज्जेच्या वरच्या भागातील काही तंत्रिकापेशी अनुकंपी तंत्रिकासंस्थेला सतत आदेश देऊन रक्तवाहिन्या आकुंचित ठेवतात. विद्युत ॲक्युपंक्चरमुळे शरीरातच अफूसदृश रसायने स्रवतात, या पेशींची क्रिया मंदावते आणि रक्तदाब उतरतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील जॉन लाँगहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले.

कार्ययंत्रणा संभवनीय असणे आणि रुग्णाला उपयोग होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भूल दिलेल्या प्राण्यात कृत्रिमरीत्या वाढविलेला रक्तदाब सुईने उतरला, म्हणून माणसाचा वर्षानुवर्षांचा रक्तदाब त्याने आटोक्यात राहील असे म्हणता येत नाही. त्यासाठी माणसांवरील नियंत्रित चाचण्या आवश्यक ठरतात.

परिणाम मोजण्यातील अडचणी

रक्तदाब दिवसभर बदलत असतो. डॉक्टरांसमोरच्या ताणामुळे अनेकांचा आकडा वाढतो आणि काही भेटींनंतर ओळख झाली की तो आपोआप उतरतो. वाढलेल्या आकड्यामुळे ज्यांना चाचणीत घेतले जाते, त्यांचा पुढचा आकडा सरासरीकडे झुकण्याचीही शक्यता असते. शिवाय ॲक्युपंक्चरसाठी रुग्ण शांत खोलीत अर्धा तास पडून राहतो आणि नुसत्या विश्रांतीनेही रक्तदाब काहीसा कमी होतो. म्हणून सुया टोचण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा एवढ्याच तुलनेवरून निष्कर्ष काढता येत नाही.

हा पेच सोडविण्यासाठी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करून एका गटाला खरे व दुसऱ्या गटाला बनावट ॲक्युपंक्चर देतात. बनावट उपचारात सुया रक्तदाबाशी संबंध नसलेल्या जागी टोचतात, किंवा त्वचेत न शिरता मुठीत मागे सरकणारी सुई वापरतात. अशी मागे सरकणारी सुई जर्मनीतील कोनराड श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. या पद्धतीतही मर्यादा आहेत. सुई टोचणाऱ्याला खरा व बनावट उपचार ठाऊक असतोच, आणि चुकीच्या जागी टोचलेली सुईसुद्धा शरीरावर काही परिणाम करू शकते.

प्रमुख चाचण्या

अमेरिकेतील 'शार्प' चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात औषधे न घेणारे किंवा ती थांबविलेले १९२ रुग्ण होते. त्यांच्या रक्तदाबाचा पल्ला १४०/९० ते १७९/१०९ असा होता. त्यांचे तीन गट करण्यात आले : व्यक्तिनिहाय बिंदू निवडून केलेले ॲक्युपंक्चर, ठरावीक बिंदूंवरील ॲक्युपंक्चर आणि बनावट ॲक्युपंक्चर. सहा ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त १२ वेळा उपचार झाले. दहाव्या आठवड्यात खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटांत आकुंचन रक्तदाब सरासरी ३.५६ मिलिमीटरने, तर बनावट गटात ३.८४ मिलिमीटरने उतरला होता. म्हणजेच दोहोंत अर्थपूर्ण फरक नव्हता.

जर्मनीतील एरलांगेन येथील फ्रांक फ्लाक्सकाम्फ व सहकारी यांची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील १६० रुग्णांपैकी बहुतेक जण रक्तदाबाची औषधे घेत होते. सहा आठवड्यांत प्रत्येकी अर्ध्या तासाचे २२ उपचार देण्यात आले आणि रक्तदाब २४ तास मोजणाऱ्या यंत्राने नोंदविला गेला. उपचारांच्या अखेरीस खऱ्या ॲक्युपंक्चर गटाचा सरासरी रक्तदाब ५.४/३.० मिलिमीटरने कमी झाला. बनावट गटात अशी घट झाली नाही. तीन व सहा महिन्यांनी मोजणी केली तेव्हा मात्र खऱ्या ॲक्युपंक्चर गटाचा रक्तदाबही पूर्वपदावर आला होता.

लाँगहर्स्ट यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषधे न घेणाऱ्या ६५ रुग्णांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा विद्युत ॲक्युपंक्चर दिले गेले. मनगट व गुडघ्याजवळच्या बिंदूंवर उपचार घेतलेल्या ३३ जणांपैकी सुमारे ७० टक्के जणांत आकुंचन रक्तदाब सरासरी ६ ते ८ मिलिमीटरने व प्रसरण रक्तदाब ४ मिलिमीटरने उतरला. ही घट सुमारे दीड महिना टिकली. दुसऱ्या बिंदूंवर उपचार घेतलेल्या गटात लक्षणीय बदल दिसला नाही. रुग्णसंख्या लहान असल्याने या निष्कर्षाचे वजन मर्यादित आहे.

समग्र आढावे

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. ज्या विकारांत ॲक्युपंक्चर परिणामकारक असल्याचे चाचण्यांतून सिद्ध झाले आहे, अशा पहिल्या यादीत प्राथमिक उच्च रक्तदाबाचा समावेश होता. उपचारकेंद्रांच्या माहितीपत्रकांत आजही या यादीचा आधार घेतला जातो. तो अहवाल १९९० च्या दशकाअखेरपर्यंतच्या चाचण्यांवर आधारलेला होता आणि त्यात निकृष्ट दर्जाच्या चाचण्याही धरल्याची टीका झाली. वर वर्णिलेल्या तिन्ही चाचण्या त्या अहवालानंतर प्रसिद्ध झाल्या आहेत.

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ मधील आढाव्यात २२ चाचण्या व १,७४४ रुग्ण यांचा विचार करण्यात आला. बनावट उपचाराच्या तुलनेत ॲक्युपंक्चरनंतर १ ते २४ तासांच्या काळात आकुंचन रक्तदाब सुमारे ३.४ व प्रसरण रक्तदाब सुमारे १.९ मिलिमीटरने अधिक उतरतो, असे त्यात आढळले. हा पुरावाही कमी दर्जाचा असल्याचे आढावाकारांनी नमूद केले. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी जी टिकाऊ घट लागते, तिचा पुरावा उपलब्ध नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इतर उपायांशी तुलना

या आकड्यांचा अर्थ तुलनेने स्पष्ट होतो. रक्तदाबाचे एक औषध नेहमीच्या मात्रेत घेतल्यास दाब सरासरी ९/५ मिलिमीटरच्या आसपास उतरतो आणि औषध चालू असेपर्यंत ही घट टिकते. फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ यांवर भर देणाऱ्या 'डॅश' आहाराच्या १९९७ मधील चाचणीत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ११.४/५.५ मिलिमीटरची घट आढळली. २०१६ मधील एका मोठ्या आढाव्यानुसार आकुंचन रक्तदाब १० मिलिमीटरने कमी केल्यास पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी व एकूण मृत्यूंचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. हे निष्कर्ष औषधोपचारांच्या चाचण्यांवरून निघालेले आहेत. ॲक्युपंक्चरने पक्षाघात किंवा मृत्यू टळतात असे दाखविणारा तुल्य पुरावा नाही.

सुरक्षितता

प्रशिक्षित व्यक्तीने निर्जंतुक सुयांनी केलेले ॲक्युपंक्चर सामान्यतः सुरक्षित असते. किंचित रक्तस्राव, निळसर डाग, वेदना व घेरी हे किरकोळ दुष्परिणाम संभवतात. सुया पुन्हा वापरल्यास काविळीच्या विषाणूंसह इतर संसर्ग पसरू शकतो. छातीवर किंवा खांद्यावर सुई खोल गेल्यास फुप्फुसाभोवती हवा शिरण्याची गंभीर, परंतु विरळ घटना घडू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तसे आधी सांगणे आवश्यक असते. हृदयाचे ठोके नियंत्रित करणारे यंत्र बसविलेल्या रुग्णांना विद्युत ॲक्युपंक्चर सहसा देत नाहीत.

रक्तदाबाच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका सुईचा नसून औषध बंद करण्याचा आहे. उच्च रक्तदाब सहसा जाणवत नाही. त्यामुळे उपचारानंतर बरे वाटले म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो आणि दाब नकळत वाढत राहतो. काही औषधे एकाएकी थांबविल्यास दाब उसळून वाढतो. म्हणून ॲक्युपंक्चर घेत असतानाही औषधाच्या मात्रेतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि नियमित मोजणीच्या आधारेच करावा लागतो.

कायदेशीर स्थिती

पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरविषयी कायदा केला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २००३ मधील आदेशाने ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली. त्यानंतर 'महाराष्ट्र ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५' अस्तित्वात आला. या कायद्यान्वये महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेची तरतूद करण्यात आली. व्यावसायिकांची नोंदणी आणि शिक्षणाचा दर्जा ही परिषदेच्या कक्षेतील कामे होत. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता देणारा आदेश काढला.

नोंदणीमुळे उपचार करणाऱ्याचे प्रशिक्षण व उत्तरदायित्व निश्चित होते. एखाद्या विशिष्ट विकारावर उपचार गुणकारी आहे की नाही, याचा निर्णय कायद्यातून होत नाही. तो चाचण्यांवरूनच करावा लागतो.

कोकण किनारपट्टीवरील संदर्भ

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील श्रीवर्धनसारख्या तालुक्यांत उपचाराची निवड करताना वैद्यकीय परिणामाबरोबर अंतराचाही विचार करावा लागतो. नारळी-पोफळीच्या बागा आणि मासेमारी यांवर उपजीविका असलेल्या या तालुक्यात वस्ती लहान गावांत विखुरलेली आहे. श्रीवर्धन येथे उपजिल्हा रुग्णालय आणि बोर्ली पंचतन येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आठवड्यातून अनेकदा घ्यावा लागणारा आणि थांबविताच परिणाम ओसरणारा उपचार अशा भागात प्रवास, वेळ व मजुरी यांच्या दृष्टीने महाग पडतो. याउलट रक्तदाबाची गोळी महिनाभरासाठी एकदम नेता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवाही विनामूल्य करण्यात आल्या आहेत.

किनारपट्टीवरील आहारात खारवलेली मासळी, लोणची व पापड यांतून मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. पावसाळ्याच्या बेगमीसाठी केलेल्या खारवलेल्या पदार्थांचे प्रमाण कमी करणे हा या भागात विनाखर्च करता येणारा उपाय आहे.

नियमित औषध व मोजणी यांवर आधारलेला भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, भंडारा, वर्धा आणि कोकणातील सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. ठरलेली उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रात पाठपुरावा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही या उपक्रमाची सूत्रे आहेत. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

सद्यस्थिती

सध्याच्या पुराव्यानुसार ॲक्युपंक्चर हा उच्च रक्तदाबावरील पूरक उपचार म्हणूनच विचारात घेता येतो. ज्यांना तो घ्यायचा आहे, त्यांनी नोंदणीकृत व्यावसायिकाकडून, एकदाच वापरायच्या सुयांनी आणि चालू औषधे न सोडता घ्यावा, अशी शिफारस केली जाते. परिणाम पाहण्यासाठी उपचारानंतर लगेच केलेली मोजणी पुरेशी नसते. पाच मिनिटे शांत बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, चहा व तंबाखू यांच्या सेवनानंतर किमान अर्धा तास सोडून, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नोंदीच विश्वसनीय मानल्या जातात. मोठ्या रुग्णसंख्येच्या, दीर्घ पाठपुराव्याच्या आणि २४ तासांच्या मोजणीवर आधारलेल्या चाचण्यांची गरज संशोधक व्यक्त करतात.